शैलाने न दिलेला हुंकार

श्रावणातला दुसरा सोमवार, दुपारची वेळ. लालबाग, आमची चाळ, तिसरा मजला, जिन्यालगतची खोली.

हजर: इंदूमावशी, खुर्चीत. हिराकाकू, पलंगाच्या कडेवर. मी, जमिनीवर, भांड्यांच्या मधोमध.

गैरहजर: माझी आई आणि ताराकाकू. दोघीही आता नाहीत. शैला, सासरी, कणकवलीच्या पुढे. जे राहिलं ते तिच्यामुळे राहिलं, म्हणून तिचं नाव घेतल्याशिवाय हजेरी पुरी होत नाही.

चाळ पाडायची आहे. शुक्रवारी इंदूमावशीच्या खोलीची किल्ली द्यायची आहे. मावशीला मूल नाही, गुडघे चालत नाहीत, तेव्हा आवराआवर माझ्याकडे आली. मी आल्या आल्या तीन ढीग केले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. दुपारपर्यंत काम वेगात चाललं होतं. खानावळीची मोठी पातेली द्यायच्या ढिगात गेली, पत्र्याचे डबे टाकायच्या. मग सगळ्यात मोठ्या हंड्याच्या आत, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक पितळी डबी निघाली. कुंकवाची असते तशी. कानाशी नेऊन हलवली तर आत खुळखुळ वाजलं.

झाकण उघडलं. तांदूळ. अर्ध्याहून जास्त दाण्यांचं पीठ झालं होतं. वर हळदीचा रंग अजून थोडा टिकून होता.

"मावशी, हे कुठल्या ढिगात?"

इंदूमावशीने चष्मा वर केला, डबीकडे बघितलं आणि हात पुढे केला. "तां खंयच घालू नको. तां रवलेला आसा."

राहिलेलं. एवढं एकच ती म्हणाली. हिराकाकूने माझ्याकडे बघितलं आणि मी हिराकाकूकडे. आम्हाला दोघींना ते तांदूळ कधीचे ते ठाऊक होतं. त्यांतले काही दाणे माझ्या मुठीतले आहेत.

चाळ समिती एक स्मरणिका काढते आहे. चाळ जाणार, टॉवर येणार, तर मधल्या वेळात पुस्तक. समितीचा सेक्रेटरी खालच्या मजल्यावरचाच, माझ्याहून पुष्कळ लहान. त्याने मला कच्ची प्रत दाखवली. गिरणी संपाची आठ पानं आहेत. मोर्चे आहेत, भाषणं आहेत, कोण कुठे पुढे होता ते आहे. बायकांसाठी एक वाक्य आहे: 'महिलांनी खंबीर साथ दिली.' ते वाक्य वाचून मी प्रत मिटली.

"काकू, तुम्ही एक पान लिहा ना बायकांचं," तो म्हणाला. "पण जरा गोड लिहा. गोड आठवणी."

गोड. ठीक आहे. लिहिते.

संपाच्या वर्षी मी सहावीत होते. सगळ्यात आधी आवाज गेला. आमच्या घराला घड्याळाची गरज नव्हती. गिरणीचा भोंगा व्हायचा आणि आई उठायची, भोंगा व्हायचा आणि डबे भरले जायचे. भोंगा बंद झाल्यावर कितीतरी दिवस आई पहाटे दचकून उठायची. शांततेने जाग येते हे मला तेव्हा कळलं. आवाजामागून वास गेला. शैलाचे वडील, त्यांना सगळे भाऊ म्हणत, साळखात्यात, मागांवर होते. ते जिना चढून आले की कापसाचा आणि तेलाचा मिळून एक उबट वास यायचा, भुवयांवर पांढरी पिंज असायची. त्या वर्षी भाऊंच्या भुवया काळ्या झाल्या. आम्हा मुलांना ते एकदम तरुण दिसायला लागले, आणि एकदम वाईट.

दुपार पूर्वी बायकांची असायची. पुरुष पाळीवर नाहीतर पाळी करून झोपलेले. संपात ते दिवसभर घरी. गॅलरीत पत्त्यांचे डाव, विड्यांचा धूर, आणि दर थोड्या वेळाने कुठल्यातरी दारातून "चहा मिळेल का?" अशी हाक. बायकांची कामं मात्र थांबली नव्हती. ती वाढली. माझी आई घरचं आटपून दुपारी मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला जायची. ती परत आली की तिच्या पदराला तोंड लावता यायचं नाही, डोळे चुरचुरायचे. ताराकाकू म्हणजे शैलाची आई, ती दादरला दोन घरचं जेवण करायला लागली होती. संपावर गेले ते पुरुष. बायकांना संप नव्हता. त्यांच्यावर तो आला होता.

एकट्या इंदूमावशीचे हात रिकामे झाले. ती खानावळ चालवायची. तिच्याच गावाकडचे एकटे गिरणी कामगार तिच्याकडे पाळीप्रमाणे जेवायला येत. संप लांबला तसे एकेक करून ते गावी गेले. मोठी पातेली उपडी पडली. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा, खोबरं भाजल्याचा जो वास जिन्यापासूनच माणसाला धरून ठेवायचा तो पातळ होत होत नाहीसा झाला. मग मावशी गॅलरीच्या टोकाला पाट टाकून बसायला लागली आणि गोष्टी सांगायला लागली. पातेली ढवळायचा हात तो. तो गोष्टी ढवळायला लागला.

गोष्टी मी पुरवायची. शाळेच्या वाचनालयातून परीकथांची चित्रांची पुस्तकं आणून मी मोठ्याने वाचायची, बायका काहीतरी निवडत, टाचत, वळत ऐकायच्या. हिराकाकू समोरच्या चाळीतून यायची. ते बौद्ध कुटुंब. तिची सुनंदा माझ्या वर्गात. हिराकाकू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची. गॅलरीत ये असं तिला कोणी म्हटलं नाही आणि येऊ नको असंही कोणी म्हटलं नाही. आमच्या मजल्याची ती रीत होती. स्मरणिकेत हेही नाही.

एक गोष्ट शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची होती.

"शंभर वर्षं?" हिराकाकूने पायरीवरून विचारलं. "मग पाणी कोण भरत होतं गं?"

"राजवाड्यातले सगळेच झोपले होते," मी म्हटलं.

"असं होय. नळ पण झोपला असंल."

मी पुढे वाचलं. राजपुत्र येतो, काटे तोडतो, वर जातो, झोपलेल्या मुलीचा मुका घेतो. इंदूमावशीने हात वर करून मला थांबवलं.

"झोपलेल्या चेडवाच्या खोलयेत शिरलो मेलो, नि तेका राजपुत्र म्हणतत?"

दुसरी गोष्ट काचेच्या बुटाची. त्यावर तर कल्ला झाला. "रातभर नाचलो तिच्यावांगडा," मावशी म्हणाली, "नि सकाळी तेका तोंड आठवणा नाय? बूट घेवन गावभर फिरता?"

माझी आई सहसा बोलायची नाही. ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तोंडाकडे बघितलं असेल तर आठवेल ना."

बायका इतक्या हसल्या की पत्त्यांचा डाव थांबवून पुरुष बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी मावशी त्याच गोष्टी सांगायची, पण तिच्या. तिचं नगर परळच्या पुलापासून सुरू व्हायचं, राजवाड्याला चिमणी असायची. झोपलेली मुलगी भोंग्याने जागी व्हायची आणि समोर परका माणूस बघून विचारायची, "दार वाजवता येत नाही?" बूटवाली दुसरा बूट पदराखाली धरून म्हणायची, "आधी माझं नाव सांग." राजपुत्राला नाव माहीत नसायचं. मग तो पुस्तकातल्यासारखा रुबाबात नाही, तर खाली मान घालून परत जायचा. आम्ही मुली टाळ्या वाजवायचो. शैला सगळ्यात जोरात.

शैला सतराव्या वर्षात होती. दहावीला आमच्या चाळीत पहिली आली होती, नुकतीच अकरावीत गेली होती. जिन्याजवळच्या कोपऱ्यात, जिथे बाहेरचा उजेड थेट येतो, तिथे ती भिंतीला पाठ लावून अभ्यासाला बसायची. ओठ हलवत पाठ करायची सवय होती तिला. आवाज खणखणीत. म्हणून हुंकार तिच्याकडे होता.

हे जरा सांगायला हवं, कारण आता ते कुठे राहिलेलं नाही. श्रावणी सोमवारची कहाणी म्हणजे नुसती गोष्ट नव्हे. ऐकणाऱ्या प्रत्येकीने हळद लावलेले तांदळाचे दाणे मुठीत धरायचे. कहाणी पुरी होईपर्यंत मूठ उघडायची नाही, उठायचं नाही. आणि एकीने हुंकार द्यायचा. सांगणारी एक वाक्य सांगणार, हुंकार देणारी "हं" म्हणणार, मग पुढचं वाक्य. "हं" आला नाही तर पुढे जायचं नाही. ती गोष्ट भिंतीला सांगितल्यासारखी होते, असं मावशी म्हणायची. कहाणी पुरी झाली की दाणे देवापुढे ठेवायचे, आणि मग संध्याकाळी उपास सोडायचा. पुस्तकातल्या परीकथा मावशी हव्या तशा वाकवायची, पण सोमवारची कहाणी तिने कधी बदलली नव्हती. ती तिच्या आईकडून आलेली. त्यात आवडती राणी, नावडती राणी आणि राजा.

श्रावण लागायच्या थोडं आधी गावाहून एक स्थळ आलं होतं. विधुर, दोन मुलं, स्वतःचं घर, कलमांची बाग. त्याला हुंडा नको होता, मानपान नको होता, मुलगी अंगावरच्या कपड्यांनिशी चालणार होती. मजल्यावर एकच वाक्य फिरायला लागलं: "राणीसारखी राहील." ताराकाकू म्हणायची, डोळे पुसत. भाऊ म्हणायचे, भिंतीकडे बघत. माझी आईसुद्धा एकदा म्हणाली. त्या वाक्याची मला इतकी चीड आहे की आजही लग्नात कोणी ते उच्चारलं तर मी ताट घेऊन दुसऱ्या रांगेत जाते. कुठली राणी? आम्ही सोमवारी ऐकत होतो ती राणी तर गोठ्यात राहत होती.

शैलाचं वय कायद्यात बसत नव्हतं. तेही कागदावर वाढवून बसवलं. बूट पायात जात नसेल तर पाय कापायचा, हे बुटाच्या गोष्टीतल्या सावत्र बहिणींनाही माहीत होतं.

तिच्या पाठचे दोघे भाऊ होते. त्यांच्या शाळेबद्दल कोणी काही बोललं नाही. ती चालूच राहणार होती.

आणि तो सोमवार. पाऊस उघडला होता, गॅलरीतली लाद्यांची ओल वाळत होती. मावशी पाटावर. आम्ही दोन्ही बाजूंना, मुठी मिटून. शैला तिच्या कोपऱ्यात, मांडीखाली वही सरकवलेली. ताराकाकू आपल्या मुलीच्या समोर. हिराकाकू पायरीवर, रिकाम्या हातांनी. ती म्हणायची, "आमच्यात व्रत नाय. गोष्ट ऐकायला काय जातंय?"

कहाणी नेहमीसारखी चालली. राजाला दोन राण्या. हं. नावडतीला गोठ्यात ठेवलं. हं. करपलेलं खायला, विटकं ल्यायला. हं. वाड्यातून उकिरड्यावर टाकलेल्या बिया ती वेचायची, गोठ्यामागे पुरायची, उष्ट्या पाण्यावर वाढवायची. हं. श्रावण आला आणि गोठ्यामागे जाई फुलली. हं. वास राजवाड्यात गेला, राजा वासामागून निघाला. हं.

"राजान नावडतीक बघितल्यान. तेका आपली चूक कळली. तेना तिचो हात धरलो नि तिका म्हालात घेवन गेलो."

पुढे काही नाही.

मावशीने वर बघितलं. शैला समोर बघत होती, ओठ घट्ट. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, तो सगळ्यांना ऐकू आला.

"हं दी गो," मावशी म्हणाली.

शैलाने मांडीखालची वही आणखी आत सरकवली.

"हं," ताराकाकू म्हणाली. घाईने, जमिनीकडे बघत.

मावशीने मान हलवली. "तुझो नको, तारा. हुंकार जेका दिलो तेनाच देवचो. दुसऱ्यान दिल्लो चलणा नाय."

मी एवढं आयुष्य काढलं, कामानिमित्त कायदेकानूंच्या पुस्तकांत बरीच डोकावले, पण याहून सरळ नियम मला कुठे दिसला नाही. एका गोष्टीतल्या एका वाक्याला तिच्या आईचा होकार चालत नव्हता. आणि तिच्या लग्नाला? वडिलांचा चालला, मामाचा चालला, गावच्या चुलत्याचा चालला, खालच्या मजल्यावरच्या दुकानदाराचासुद्धा चालला. होकारांची रांग लागली होती. फक्त तिचाच राहिला, आणि तो राहिलाय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"काय झाला गो तुका?" मावशीने विचारलं.

"राजाने तिला विचारलं का?" शैला म्हणाली.

"नाय. इचारूचा काय आसा तेच्यात? महाल तो."

"मग आधी विचारू दे."

मावशी पाटावर पुढे सरकली. मग मांडी बदलली. जी कहाणी तिने कधी बदलली नव्हती, तिच्यात हात घातला. "बरां. राजान इचारल्यान, येतंस काय म्हणान."

"हं," शैला म्हणाली. खणखणीत. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

"नि राणी म्हणाली..." मावशी थांबली. "राणी काय म्हणाली तां माका ठावक नाय. माझ्या आयेन सांगूक नाय. तू सांग."

शैलाने तोंड उघडलं, पण त्याआधी ताराकाकू बोलली. तिचा आवाज चिरका झाला होता. "हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? घरात दोन वेळचं नाही. धाकटी भावंडं आहेत तिला."

पायरीवरून हिराकाकू म्हणाली, "राणीला धाकटी भावंडं कुठनं आली गं, तारे?"

कोणी हसलं नाही.

"तुला काय जातंय बोलायला," ताराकाकू म्हणाली.

"मला जातंय तर. आमच्याकडं पोरीला शाळेतनं काढली तर वस्तीत तोंड दाखवता येत नाय. मी चार घरची भांडी जास्त घासते, पण माझी सुनंदा शाळेत जाती."

"राणीची मार्चमध्ये परीक्षा आहे," शैला म्हणाली.

हे ती हसत म्हणाली, असं मला आठवतं. आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली, रडत म्हणाली. दोघींनी एकच तोंड बघितलं होतं.

एवढ्यात दारात भाऊ येऊन उभे राहिले. गॅलरीभर मिटलेल्या मुठी, मधोमध पाट, आणि त्यांची मुलगी. त्यांना काय ते कळलं असावं, कारण ते कोणाच्याच डोळ्याला डोळा न देता म्हणाले, "उरका आता. चहाचं बघा."

इंदूमावशी पाटावरून हलली नाही. "भाऊनु, तुमी इतके म्हयने मशिनी बंद ठेवलात, आमी काय म्हटलाव? आमची एक गोष्ट वायच थांबली, तर तुमका चायेची घाई?"

भाऊ आत गेले. ते वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण राग काढायला एक वाईट माणूस मिळाला असता तर सोपं झालं असतं. आत त्यांनी स्टोव्हला पंप मारायचा प्रयत्न केला, तो पेटला नाही, तो आवाज आम्ही बाहेर ऐकत होतो. ताराकाकूला उठता येत नव्हतं. मूठ मिटलेली होती.

अंधारून यायला लागलं. लहान मुलं भुकेने कुरकुरायला लागली. शेवटी मावशी म्हणाली, "रवली. फुडल्या सोमवारी फुडे." कुंकवाची डबी तिने रिकामी करून आणली आणि प्रत्येकीपुढे धरली. दाणे देवापुढे ठेवायचे नव्हते, कारण कहाणी पुरी झाली नव्हती. टाकायचे नव्हते, कारण ती मोडलीही नव्हती. आम्ही एकेकीने मूठ डबीत उघडली. माझ्या घामेजल्या तळव्याला दोन दाणे चिकटले, ते मावशीने बोटाने काढून आत टाकले. शैलाने सगळ्यात शेवटी.

पुढच्या सोमवारी कोपरा रिकामा होता. आजीला बरं नाही म्हणून तिला गावी नेलं होतं. आजी ठणठणीत होती. पुढच्या महिन्यात लग्न ठरल्याचे पेढे आले.

नंतर सगळे म्हणायचे, "काय करणार, संपाने पोरीचं शिक्षण नेलं." अजून म्हणतात. स्मरणिकेतही कोणाच्या तरी लेखात आहे, 'संपाने अनेक मुलींची शाळा हिरावली.' संपाला हात नव्हते. पिशवीत तिची एक साडी आणि दोन परकर ज्या हातांनी भरले ते हात मी ओळखते. गाडीत तिला खिडकीशी बसवणारे हात ओळखते. निरोपाला माझ्या आईने तिच्या ओंजळीत नारळ ठेवला, ते हात तर माझ्याच घरचे. गिरण्या कोणी बंद ठेवल्या यावर लोक अजून भांडतात. शैलाची वही कोणी बंद केली यावर एकदाही कोणी भांडलं नाही.

मावशीने त्यानंतर सोमवारची कहाणी सांगितली नाही. इतर गोष्टी सांगितल्या, पण हुंकार कोणाला दिला नाही.

बऱ्याच वर्षांनी शैला एकदा माहेरी आली होती. तोवर चिमण्यांतला धूर कायमचा गेला होता, भाऊ भोईवाड्यात एका इमारतीवर वॉचमन होते. तिच्या कडेवर एक, हाताला एक, आणि तिच्याहून उंच झालेली सावत्र मुलं मागे. हातात हिरव्या बांगड्या, अंगावर चांगलं पातळ. मजल्यावरच्या बायका म्हणाल्या, "बघ, राणीसारखी आहे." ती हसली. नंतर गॅलरीत आम्ही दोघीच होतो तेव्हा तिने विचारलं, "तू बारावी केलीस ना?"

"हो."

"अभ्यासाला कुठे बसायचीस?"

"इथेच. तुझ्या कोपऱ्यात."

तिने तिथल्या लादीवर पायाचा अंगठा फिरवला. "बरं केलंस. उजेड चांगला असतो इथे."

यात गोड काय आहे ते समितीने मला सांगावं.

आज डबी बाहेर निघाली तेव्हा मी फोन काढला. इंदूमावशी म्हणाली, "लाव." मी आवाज मोठा करून फोन तिच्या मांडीवर ठेवला.

"कोण? अगं बाई, तू? थांब, कुकर बंद करते." भांड्याचा आवाज, पावलं. "हां, बोल."

ती माझ्याशी बोलायला लागायच्या आत मावशी फोनवर वाकली. ना ख्यालीखुशाली, ना काही. "शैला गो. राणी काय म्हणाली?"

पलीकडे कुकरची वाफ सुटल्याचा आवाज आला. मग लांबून एका पुरुषाची हाक आली, "आई, चाय झाली काय?" शैलाने त्याला उत्तर दिलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "तिला अजून कोणी विचारलेलंच नाही."

"मी इचारतंय."

"आत्ता?"

"मगे कदी? माका फुडल्या श्रावणाचा सांगता येवचा नाय."

शैला हसली. नाक ओढल्याचाही आवाज आला. "फोनवर नाही सांगणार. समोर बसून सांगते. घरचे गणपती होऊ देत, सगळं माझ्यावर असतं. विसर्जन झालं की येते. एकटी येते."

"ये गं," हिराकाकू पलंगावरून ओरडली. "आणि मी आता पायरीवर नाय बसणार, सांगून ठेवते."

"हिराकाकू! तुम्ही आहात? बसा हो, अगदी मधोमध बसा. फक्त माझा कोपरा ठेवा. जिन्याजवळचा."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. चाळ पाडणार हे तिला माहीत होतं. कधी, ते माहीत नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर मावशीने माझा हात दाबला आणि फोनमध्ये म्हणाली, "ठेवतंय."

बाकीची कामं झाली. पातेली गेली, डबे गेले, पलंग उद्या जाईल. पाट मी कोणाला दिला नाही. डबी माझ्या पर्समध्ये आहे. शुक्रवारी किल्ली देईन, स्मरणिकेला हे पान देईन, आणि ते छापायचं नसेल तर सेक्रेटरीने मला तसं तोंडावर सांगावं.

एक काम राहिलं आहे. मावशी भोईवाड्यात भाच्याकडे जाणार, तिथली खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. माझ्या माटुंग्याच्या घरात हॉलला दिवसाही दिवा लावावा लागतो. हिराकाकूकडे सुनंदाने गॅलरी बंद करून खोलीत घेतली आहे. आज परत येताना वाटेवरचं एक देऊळ आणि दोन हॉल मी डोकावून पाहून आले. चार बायका, एक पाट, आणि भिंतीला पाठ लावून बसलं की अंगावर बाहेरचा थेट उजेड येईल असा एक कोपरा हवा आहे. गणपतींच्या आत. अजून मिळालेला नाही.